आतला कोपरा

४ मे

ताई,

'तुम्ही' म्हणून सुरुवात केली होती. दोन कागद फाडले. तिसरा फाडणार नाही, तू म्हणते.

मी कोण ते पाकिटामागच्या पत्त्यावरून कळलं असेल. तुझ्या नवऱ्याने तुझ्यामागे केलेली बायको. पोरीच्या वाढदिवसाला दरवर्षी तुझं पाकीट येतं, त्याच्या पाठीवरून तुझा पत्ता घेतला. फोन करता आला असता. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं मी भांडतेय. निम्म्या वेळा मी भांडतच असते.

नमनाला घडाभर तेल नको. पोरगी बी.एस्सी. झाली, चांगल्या मार्कांनी झाली. आता तिला एम.एस्सी. करायची आहे, पाण्यात. म्हणजे पाण्याच्या शास्त्रात. आमच्या लाँड्रीत दवाखान्याच्या न् हॉटेलांच्या चादरी धुतल्यावर जे पाणी गटारात जातं, ते पुढे कुठे जातं, कसं साफ होतं, ते शिकायचं. लहान असताना गटाराच्या जाळीशी उकिडवी बसून फेस कुठे जातो ते बघायची. आता त्याचीच पदवी मिळते म्हणे. मिळो बापडी.

तीन ठिकाणी तिला जागा मिळतेय. एक इथलंच कॉलेज. घरून जाऊन येऊन करता येईल, पण तिथे पाणी नाही, साधं रसायनशास्त्र आहे. दुसरं तुझ्या गावातलं विद्यापीठ. तिसरं तुझ्याही पुढे, आणखी दिवसभराच्या प्रवासावर. त्याचं नाव काढलं की पोरगी विषय बदलते.

तिचं मन दुसऱ्यावर आहे. का म्हणून विचारलं तर म्हणते, तिथे एक सर आहेत, पाण्यातले मोठे जाणकार, त्यांच्या हाताखाली शिकायचंय. सरांबद्दल बोलताना माझ्याकडे बघत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड तिला बापाकडून आलीय. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळतं.

म्हणून दोन गोष्टी. पहिली, तू तिला बोलावलंस का? खरं सांग. बोलावलं असशील तर मी तुझा गळा धरायला येणार नाही, जन्म तू दिलास. पण मग मला त्या सरांचं पुराण नको.

दुसरी, तू स्वतः जाऊन विद्यापीठातलं ते पाण्याचं खातं बघून ये. मला बॉयलर सोडून हलता येत नाही. तू शाळेत शिकवतेस, तुला आत सोडतील. चकचकीत पत्रक नको पाठवू, ते पोरीकडे आहे, त्यात सगळी पोरं दात काढून हसतायत. मी कामाला बाई ठेवते तेव्हा तिचं बोलणं ऐकत नाही, तिचे हात बघते. तसं बघ. पोरं प्रयोग करतात की नुसत्या वह्या भरतात? सर वर्गावर येतात का? मागच्या वर्षीची पोरं आज कुठे कामाला आहेत? आणि आधी नळ सोडून बघ. पाण्याचं शास्त्र शिकवणार आणि नळ कोरडा, असं नको.

महिना संपायच्या आत तिला एक ठिकाण पक्कं करायचं आहे. एकदा फी भरली की दोन वर्षं मागे फिरता येत नाही.

तू का गेलीस ते मी कधी विचारलं नाही. त्याच्याबरोबर संसार केल्यावर विचारायची गरज राहिली नाही. तो वारल्याचं कळवलं तेव्हा तू आली नाहीस, त्याचाही राग नाही. हे सगळं फक्त पोरीपुरतं.

तिला या पत्राचं माहीत नाही.


१६ मे

ताई,

चार पानं लिहिलीस. तुझी जोडाक्षरं लावता लावता माझी इस्त्री उशीवर राहिली आणि हॉटेलच्या अभ्र्याला डाग पडला. आमची इस्त्रीवाली म्हातारी म्हणाली, "सवतीची पत्रं वाच, धंदा जाळ." म्हातारी माझ्या लग्नाआधीपासून इथे आहे, त्यामुळे तिला काही बोलता येत नाही. बोललं तर दुप्पट ऐकावं लागतं.

तू बोलावलं नाहीस म्हणतेस. बरं. मानलं.

बाकीचं तीनदा वाचलं. ते सर वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेले, पत्रकात अजून त्यांचा फोटो आहे. त्यांच्या खोलीला कुलूप. नळाला पाणी आहे, पण काचेची कपाटं बंद, पाणी तपासायचं यंत्र आणल्यापासून बासनात. पोरं मागच्या वर्षीच्या वह्या उतरवून काढतात. दोघी मुली मधूनच सोडून गेल्या. आणि शेवटी तू लिहितेस, "तिला इथे पाठवू नका. तिसऱ्या ठिकाणी पाठवा, तिथलं मी विचारून घेतलं आहे, ते चांगलं आहे."

आता माझं ऐक.

तू गेलीस तेव्हा ती आमच्या कपड्यांच्या टोपलीत मावायची. मी आल्यावर मला 'मावशी' म्हणायला तिला बापाने शिकवलं, आणि 'आई' हा शब्द तुझ्यासाठी ठेवला. मी तो मागितला नाही. तुझं पाकीट आलं की ती ते लगेच फोडायची नाही, दोन दिवस दप्तरात घेऊन फिरायची. एवढी वर्षं. आणि आता ती आपल्या पायांनी तुझ्या गावात येते म्हणते, तर तू दाराला आडवा हात लावतेस?

खातं वाईट आहे, की तुझी गैरसोय आहे? घरात कोण कोण असतं तुझ्या? चार पानांत ते कुठे आलं नाही.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिने तुझ्या गावात जाऊ नये असंच मला वाटत होतं. तू माझ्या मनासारखं लिहिलंस आणि मला तुझाच राग आला. याचा अर्थ लावायला मी शिकलेली नाही.

पण हे तिला सांगायचं कुणी? "तुझी आई म्हणते येऊ नकोस." हे वाक्य मी कोणत्या तोंडाने बोलू? एकदा तू तिला सोडून गेलीस ते तिला कळत नव्हतं. या वेळी कळेल. आणि न सांगावं, तर पोरगी दोन वर्षं कुलपं बघत बसेल आणि कागद घेऊन परत येईल.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, ताई. शेळी माझ्या अंगणात आहे.


१९ मे

ताई,

सांगितलं.

आमच्याकडे मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, मग चालत जवळ यायचं, कोपरे एकीच्या हातात द्यायचे, पुन्हा लांब जायचं. पोरगी दहा वर्षांची झाली तेव्हापासून दुसरं टोक तिचं. आमचं सगळं बोलणं त्यातच झालं. बोलायचं ते जवळ आल्यावर बोलायचं, आणि राग आला तर लांब जायची सोय चादरच करते.

तिसऱ्या चादरीला म्हटलं, "तुझ्या त्या सरांनी नोकरी सोडली."

"कुणी सांगितलं?"

ती लांब गेली, ताणलं, परत आली. माझ्या मनात दोन-तीन नावं आली, कुणाचंही चाललं असतं.

"कुणी सांगितलं, मावशी?"

"तुझ्या आईने. मी तिला बघून यायला सांगितलं होतं."

तिच्या हातातलं टोक सुटलं. दवाखान्याची पांढरी चादर, थेट ओल्या फरशीवर.

"तुम्ही दोघी माझ्यामागे पत्रं लिहिता?"

"दोघी कुठे? मी दोन, तिने एक."

"आणखी काय म्हणाली?"

म्हटलं, खातं वाईट आहे म्हणाली. पुढचं वाक्य मी गाळलं. पण पोरगी शाळा शिकलेली आहे, न लिहिलेलं वाचता येतं तिला. म्हणाली, "येऊ नको म्हणाली ना?" मी खाली वाकून चादर उचलली. ते उत्तर तिला पुरलं.

आता म्हणते, मी स्वतः बघून येते. गुरुवारी दुपारी तुझ्या दारात येईल. मी अडवलं नाही. अडवून ऐकणारी असती तर मी वाढवलेली कसली.

तर आता नीट वाच. जेवून आलेय म्हणेल, ते खोटं, ताट वाढ. फार हसायला लागली तर समज रडायच्या बेतात आहे, तेव्हा उठून काहीतरी काम कर, तिच्याकडे बघू नकोस. खिडकीजवळ झोपू दे.

मागच्या पत्रात तुझी गैरसोय म्हणाले. ते परत घेत नाही, पण घट्टही धरून बसत नाही.

आणि शेवटचं. ती समोर बसली की तुला वाटेल, राहू दे इथेच, दोनच वर्षं तर आहेत, खातं काय एवढं वाईट नाही. मलाही वाटलं असतं. तसं करू नकोस. खातं वाईट असेल तर वाईट सांग. ती तुला नको असेल तर तेही तोंडावर सांग, आणि हवी असेल तर तेही. पण दोन्ही एका पिशवीत भरू नकोस. पांढरं न् रंगीत एकत्र धुतलं की दोन्ही वाया जातं. मग कितीही उकळवा.


२७ मे

ताई,

पोरगी परत आली ते तोंडाला कुलूप घालून. विचारलं, खातं कसं होतं? "आहे." आई कशी आहे? "बरी आहे." म्हटलं बरं बाई, तुला वाटेल तेव्हा बोल.

मग परवा एक घोटाळा झाला. तो आधी सांगते, कारण बाकीचं त्यातूनच निघालं.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कपड्याला आतल्या कोपऱ्यात दोऱ्याची खूण घालतात. दवाखान्याची निळी फुली, मोठ्या हॉटेलची लाल दुहेरी रेघ. कपडा धुऊन वाळून आला की आतला कोपरा उलटायचा, खूण बघायची, मालकाच्या फळीवर टाकायचा. खूण असलेलं सगळं परत जातं. घरच्या कपड्यांना खूण नसते. कोरा कोपरा म्हणजे आपलं. पोरीच्या झबल्यापासून आजपर्यंत तिच्या एकाही कपड्याच्या आतल्या कोपऱ्यात मी सुई घातलेली नाही.

ढिगात एक राखाडी शाल आली. कोपरा उलटला, हिरवं पान. कुणाचं पान ते आठवेना. उचलली आणि बेवारशी मालाच्या फळीवर टाकली, मालक आला की नेईल म्हणून. तू तिला दिलेली शाल आहे हे मला कुठून ठाऊक? पोरीने घडी उलगडून दाखवलीच नव्हती.

संध्याकाळी पोरीने ती फळीवर बघितली. अख्खी लाँड्री डोक्यावर घेतली.

"मुद्दाम केलंस! परत पाठवणार होतीस!"

"अगं, खूण होती—"

"खूण नाही ती! आईने काढलेलं पान आहे! माझ्यासमोर काढलं तिने!"

"मग मला काय स्वप्न पडतं?"

"तुला तिचं काहीच घरात नकोय!"

मी शपथा घेत नाही. पण मुद्दाम केलं नव्हतं. कोपरा उलटला, खूण दिसली, हात गेला. म्हातारी इस्त्री ठेवून म्हणाली, "पोरी, हिच्या हाताचा न् डोक्याचा काही संबंध नाही. एकदा हिने आपल्या नवऱ्याचा सदरा हॉटेलच्या गठ्ठ्यात बांधून दिला होता. नवरा आत असता तर तोही गेला असता."

पोरगी हसली. फार हसली. मी उठले आणि साबणाचा डबा पुसायला घेतला. कळलं ना का?

रडून झाल्यावर बोलली. तू लिहिलं नाहीस, मला तिच्याकडून कळलं. तू तिला दारातच सांगितलंस म्हणे. "इथलं खातं वाईट आहे. मला तू इथे हवी आहेस. या दोन वेगळ्या पिशव्या आहेत." पोरगी म्हणते, मी ओळखलं, हे मावशीचं बोलणं आहे. मग तू तिला दिवसभर त्या इमारतीत फिरवलंस, एकेक कुलूप दाखवलंस, आणि घरी आल्यावर शालीवर पान काढत बसलीस. घरात तू एकटीच असतेस, तेही कळलं.

मग पोरगी म्हणाली, "मला ती एम.एस्सी. नको होती, मावशी. मला दोन वर्षं हवी होती. 'तू का गेलीस' हे एकदम विचारता येत नाही. तिथे राहिले असते तर रोज थोडं थोडं विचारलं असतं."

मी म्हटलं, "दोन वर्षं हवी असतील तर मागून घे. सुट्ट्या आहेत, रविवार आहेत, ती काय पळून चाललीय? पदवीच्या पदराआड कशाला लपतेस?"

आता खरं लिहायचं ते लिहिते. थोड्या वेळाने ती माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "मग इथल्याच कॉलेजात करते. रसायनशास्त्र. तुझ्याजवळ राहते. चादरी कोण धरणार तुझ्या?"

ताई, तुझ्या गावावरून मी एवढं रान उठवलं, पण माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं. एकदा 'हो' म्हणायचं होतं, बास. फी भरली असती, पोरगी रोज घरी आली असती, मी मरेपर्यंत चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात असतं. आणि कुणी मला वाईट म्हटलं नसतं. तिनेच तर मागितलं.

तोंड उघडलं आणि तुझी चार पानं आठवली.

म्हटलं, "तिथे पाणी नाही. साधं रसायनशास्त्र आहे, ते तुला नकोय. आणि मला तू घरात हवी आहेस, फार हवी आहेस. पिशव्या वेगळ्या."

ती खांद्यावरून डोकं उचलून म्हणाली, "तुम्ही दोघी एकीसारखी एक आहात." शिवी दिली की काय ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी जाते म्हणाली. आज इथल्याच बँकेत फी भरून पक्कं केलं.

तुझी गैरसोय म्हणाले होते, ते परत घेते. हे वाक्य मी जन्मात फारसं कुणाला लिहिलेलं नाही, तेव्हा जपून ठेव.


११ जुलै

ताई,

पोरगी रविवारी निघते. तिकडची गाडी तुझ्या गावात बदलावी लागते आणि पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. म्हणजे एक मुक्काम तुझ्याकडे. जाता-येता दर वेळी असंच होणार. तिसरं ठिकाण लांब आहे म्हणून मी कुरकुरत होते, ही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तुझ्या आली होती का? आली असली तरी सांगू नकोस.

आता कामाचं. तिथल्या वसतिगृहात सगळ्या मुलींचे कपडे एकत्र धुतात. प्रत्येक कपड्याला खूण हवी असा नियम आहे. पोरगी सगळे कपडे माझ्यापुढे टाकून म्हणाली, "घाल खूण."

मी सुई ओवली आणि बसून राहिले. आजवर शेकड्याने खुणा घातल्या, दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या, एका सर्कसवाल्यांच्यासुद्धा. हिची खूण कोणती घालायची ते सुचेना. म्हातारी म्हणाली, "घाल की कायपण, फुली घाल." म्हटलं, फुली दवाखान्याची आहे, पोरीला काय तिकडे पाठवायचंय?

शेवटी विचारलं, "कोणती घालू?"

ती म्हणाली, "आईचं पान काढ. पण वरून काढ, दिसेल असं. आतला कोपरा कोराच ठेव."

"अगं, धुणाऱ्या बाया आत बघतात. वरची नक्षी कोण बघतंय? हरवतील कपडे."

"हरवू देत."

"नवे आहेत!"

"मावशी, आतला कोपरा कोरा ठेव."

मग मी चष्मा पुसायला आत गेले.

तीन कपड्यांवर पान काढून बघितलं. मला सरळ फुल्या न् रेघा येतात, पान काही वळेना. म्हातारीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "हे पान आहे की पाल आहे?" पोरीने ते तीन कपडे तसेच घेतलेत, उसवू देत नाही. बाकीचे राहिलेत. तिच्या वरच्या पिशवीत हिरवा दोरा ठेवलाय, तुझ्या शालीवरच्या पानाशी रंग जुळवून आणला. ती तुझ्याकडे मुक्कामाला आली की दोघी मिळून उरलेले काढा. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. तिला तुला काय विचारायचं आहे ते आता तुला माहीत आहे. सरळ उत्तर दे. तिच्या बापाची बाजू घेऊ नकोस, मी त्याच्याबरोबर संसार केलाय, त्याला बाजूच नव्हती.

ताट वाढ. जेवून आलेय म्हणेल.

काल म्हातारीला चादरीचं दुसरं टोक धरायला लावलं. बुटकी आहे, घडी तिरकी आली. उलगडून पुन्हा घातली, पुन्हा तिरकी. "सवय होईल," म्हणाली. मी तशीच गठ्ठ्यात बांधली.

पानं तुला हवी तेवढी काढ, ताई. बाह्यांवर काढ, गळ्याशी काढ. आतल्या कोपऱ्याला मात्र हात लावू नकोस.